छत्तीस नंबरची तार

मोटारी भरणारे मिस्त्री स्वतःची टिमकी वाजवण्यात कधी मागे राहिले नाहीत, आणि खरं सांगायचं तर वाजवण्यासारखं त्यांच्याकडे होतंही. गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या अरुंद जागेत त्यांचं दुकान. जळालेल्या मोटारी तिथे खांद्यावरून, हातगाडीवरून, पिशवीतून येत आणि फिरत्या होऊन जात. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर, शिलाई मशीनच्या मुठीएवढ्या मोटारी. आतली काळी पडलेली तांब्याची तार छिन्नीनं कापून काढायची, खाचा घासून साफ करायच्या, त्यात कागद बसवायचा, नवी तार फेरे मोजत भरायची, वार्निश पाजायचं आणि भट्टीत भाजायचं. एवढंच तर काम, असं मिस्त्री म्हणत, आणि मग त्या एवढ्याशा कामावर समोरच्याचा चहा गार होईपर्यंत बोलत.

मुलगी झाली तेव्हा ती दिवस भरायच्या आधी आलेली, अगदी किरकोळ. टॉवेलमधून बाहेर आलेलं तिचं बोट पाहून मिस्त्री म्हणाले, ही तर छत्तीस नंबरची तार. तारेचा नंबर वाढत जातो तशी तार बारीक होत जाते, आणि छत्तीस म्हणजे जवळजवळ केसच. बायको खाटेवर पडल्या पडल्या कडाडली. छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण, तीनचं तोंड एकीकडे आणि सहाचं दुसरीकडे, पोरीला असलं नाव कोण ठेवतं, असं तिचं म्हणणं. मिस्त्री ऐकतात कुठले. भांडण शाळेच्या पाटीवर असेल, म्हणाले, आमच्या धंद्यात छत्तीस म्हणजे कसोटी. जाड तार काय, कुणीही भरतो. पुढे शाळेसाठी रीतसर नाव ठेवलं, पण ते शाळेतच राहिलं. घरात आणि गल्लीत ती छत्तीसच.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, हिची बोटं दिसली. शाळेतून आली की दप्तर फेकून दुकानात. मिस्त्रींची शिकवण एकच होती, तार डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखायची. बारीक तार जरा जास्त ओढली की तुटते आणि सैल सोडली की खाचेत मावत नाही. शिवाय प्रत्येक तारेवर एक आवरण असतं, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. ते कुठे खरचटलं तर शेजारशेजारचे फेरे एकमेकांना चिकटतात, वीज भलत्याच वाटेनं जाते आणि नवी भरलेली मोटार पुन्हा जळते. म्हणून चिमटीतून जाणाऱ्या तारेचा ताण आणि तिच्यावरचा ओरखडा दोन्ही बोटांना कळायला हवं. तिला ते कळायचं. फेरे मोजताना तिचे फक्त ओठ हलत, एका संथ लयीत, आणि मिस्त्रींना त्या लयीवरून पाठमोरं बसूनही समजे की काम कुठवर आलंय.

पुढे पुढे बारीक तारेचं सगळं काम तिच्याकडे गेलं आणि जाड तारेचं मिस्त्रींकडे राहिलं. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच विचारायचं, छत्तीसताई आहेत का? मिस्त्री तोंड वाकडं करत, आम्ही काय मेलोय का म्हणत, आणि गिऱ्हाईक वळलं की मिशीत हसत. कौतुक कानावर आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. हात तिचा खरा, पण हाताला वळण कुणी लावलं?

एक गोष्ट मात्र मिस्त्रींना टिमकीत बसवता येत नसे. एकदा दुकानात एकाच बनावटीचे, एकाच हिरव्या रंगाचे दोन पंप आले. एक जळलेला, दुसरा नुसता बेअरिंग बदलायला आलेला. मिस्त्री कुणाला तरी आपल्या हातगुणाच्या गोष्टी सांगत होते. सांगता सांगता त्यांनी छिन्नी घेतली आणि चांगल्या पंपाची धडधाकट, चकचकीत तार कचाकचा कापून काढली. सगळी तार ढिगात पडल्यावर मागून शांत आवाज आला, "बाबा, जळका इकडे आहे." तेव्हापासून घरात 'हिरवा पंप' हा शब्दच झाला. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, हिरवा पंप. शेजारच्यांचे कपडे आपले समजून घडी घातले, हिरवा पंप. मिस्त्री हसण्यावारी नेत, कारण दुसरा इलाज नव्हता.

मग एकदा छत्तीसचं पोट बिघडलं. बाहेर काहीतरी खाल्लं असणार. दोन-चार दिवस ती पडून राहिली, बरी झाली, पुन्हा दुकानात आली, आणि त्या पोटाचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बसून बसून येतात, म्हणाली. मग जिना चढताना गुडघा दगा देऊ लागला. मग एका सकाळी ती स्टुलावरून उठायला गेली आणि पाय तिचे नसल्यासारखे जागीच राहिले. मिस्त्रींनी तिला उचललं. आपण पोरीला शेवटचं कधी उचललं होतं ते त्यांना आठवेना. रिक्षात तिनं हातातली तार सोडायचा प्रयत्न केला तर बोटं उघडेनात, तेव्हा मात्र मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत असल्या तरी घाई दाखवत नव्हत्या. त्यांनी कमरेतून पाणी काढून तपासलं, हातापायांना बारीक विजेचे झटके देऊन पाहिलं, आणि आजाराचं नाव सांगितलं. नाव होतं तीन इंग्रजी अक्षरांचं, जीबीएस. मिस्त्रींना ते शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. त्यांना एकच कळत होतं की रोग पायाकडून वर चढतोय आणि हातांपर्यंत आलाय. त्यांनी विचारलंही एकच, पोरीची बोटं परत येतील ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बहुतेकांची येतात, पण वेळ लागतो, आणि आत्ता आपण बोटांकडे नाही, श्वासाकडे बघायचं आहे.

तोवर गल्लीतून सल्ल्यांची रीघ लागली होती. पोरीची प्रतिकारशक्ती कमी पडली, असं सगळ्यांचं एकमत. शक्तीच्या बाटल्या, चूर्णं, काढे यांनी खाटेशेजारचं कपाट भरलं. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी समजावलं ते असं. हिची शक्ती मुळीच कमी नाही. पोट बिघडलं तेव्हा जंतू आत शिरले, आणि शरीरानं त्यांना ओळखून मारायला आपली माणसं तयार केली. ती जंतूला ओळखतात त्याच्या अंगरख्यावरून. आता दुर्दैव असं, की आपल्या नसांवर जे आवरण असतं त्याचा काही भाग या जंतूच्या अंगरख्यासारखाच दिसतो. जंतू मेले, पण त्यांच्या मागावर सुटलेली माणसं थांबली नाहीत. त्यांना आपल्याच नसा दिसल्या, आणि ती त्यांच्यावर तुटून पडली. आवरण सोललं गेलं की मेंदूचा निरोप बोटापर्यंत पोचत नाही, वाटेतच विरतो.

मिस्त्री ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. उशीवरून छत्तीसचा बारीक आवाज आला.

"बाबा, हिरवा पंप."

मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर तो ढीग आला, चकचकीत, निरोगी तारेचा. डॉक्टरीणबाईंना अर्थातच गोष्ट सांगावी लागली, आणि ती मिस्त्रींनाच सांगावी लागली, पहिल्यांदाच, स्वतःच्या तोंडानं. त्या हसल्या. म्हणाल्या, तंतोतंत हेच, फक्त कापणाऱ्याला मागून हाक मारणारं कुणी नाही, म्हणून ते काम आम्ही करतो. औषध शिरेतून जाईल, कितीतरी अनोळखी माणसांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं. त्यांच्या अंगातली शहाणी माणसं हिच्या अंगातल्या बिथरलेल्यांना आवरतील.

"आणि सोललेलं आवरण?" मिस्त्रींनी विचारलं. "ते पुन्हा चढतं?"

"चढतं. पण तुमच्या भट्टीसारखं नाही. आपल्या चालीनं चढतं."

मग छत्तीस पुन्हा बोलली. तिच्या मते ती गंमतच करत होती. म्हणाली, "म्हणजे माझाच माझ्याशी छत्तीसचा आकडा झाला की."

डॉक्टरीणबाई पुन्हा हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. ते उठून बाहेर गेले आणि बायकोसमोर उभे राहिले, आणि म्हणाले की तू सांगितलं होतंस. बायकोला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. मी भांडणाचं म्हटलं होतं, आजाराचं नाही, म्हणाली, आणि नावाचा गुण लागत असता तर मिस्त्री म्हणवणारा माणूस आतापर्यंत शहाणा झाला असता. एरवी अशा टोमण्याला मिस्त्रींनी सव्याज उत्तर दिलं असतं. त्या दिवशी दिलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मुलीला छत्तीस म्हणणं बंद केलं.

श्वास तपासायची रीत साधी होती. डॉक्टरीणबाई म्हणत, खोल श्वास घ्या आणि एका दमात जमेल तेवढं मोजा. मोजणं हा तर तिचा धंदाच. मिस्त्री खाटेच्या पायथ्याशी उभे राहत आणि मनातल्या मनात बरोबर मोजत. लय ओळखीची होती, फक्त ती दर खेपेला लवकर तुटत होती. एकदा ती दहाच्याही पुढे गेली नाही. त्या दुपारी तिला मशीनच्या खोलीत नेलं आणि घशात नळी घातली. आता श्वास तिच्यासाठी मशीन घेत होतं. मिस्त्रींनी काचेतून ते मशीन पाहिलं. आत कुठेतरी मोटार होती, आणि ती कुणीतरी भरलेली होती. ज्यानं भरली त्याचे हात नीट असू देत, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. तेव्हा त्यांना देवाला काय मागावं तेही सुचत नव्हतं.

अनोळखी माणसांनी आपलं काम केलं. चढणारा रोग थांबला, काही काळ तिथेच बसून राहिला, आणि मग उतरू लागला. नळी निघाली. आवाज घोगरा झाला होता, पण होता. पुन्हा मोजणं सुरू झालं, आणि एका सकाळी ती दम धरून मोजत गेली, पस्तीस म्हणाली, शेवटचा श्वास ढकलून छत्तीस म्हणाली आणि थांबली. तिनं बापाकडे पाहिलं. ती कशाची वाट बघतेय ते खोलीतल्या नर्सलाही कळलं असतं. मिस्त्री म्हणाले, "शाबास, बाळा." तिनं मान दुसरीकडे वळवली.

घरी आल्यावर महिने गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की शरीराच्या मध्याजवळचं आधी येतं आणि टोकाचं शेवटी. तसंच झालं. खांदे आले, कोपर आले, गुडघे आले. आई तिला धरून अंगणात फिरवायची आणि चालता चालता गल्लीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढायची, त्यानं पोरीला चालायला हुरूप यायचा. मिस्त्रींनी मात्र बारीक तारेचं काम घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की म्हणत, ते काम सध्या बंद आहे. पोरीनं विचारलं तर सांगत की कामच येत नाही. तिला खोटं कळायचं, कारण दुकानातल्या गोष्टी जिन्यातून वरच्या घरात स्वच्छ ऐकू येत.

ज्या दिवशी ती काठी टेकत एकटी दुकानात आली आणि आपल्या स्टुलावर बसली, त्या दिवशी मिस्त्रींनी तोंड फिरवून डोळे पुसले. तिनं बारीक तारेचं रीळ काढलं. बोटं हलत होती, वळत होती, सगळं करत होती. फक्त टोकांना काही कळत नव्हतं, मोजे घालून काम केल्यासारखं. तार तुटली. पुन्हा घेतली, पुन्हा तुटली. दिवस गेला, दुसरा गेला, तुटक्या तारेचा गुंता पायाशी साठत गेला. शेवटी मिस्त्रींना राहवेना.

"राहू दे, बाळा. तू जाड तार भर. काय बिघडतं?"

तिनं रीळ खाली ठेवलं. "बाळा म्हणू नका. माझं नाव काय आहे?"

मिस्त्रींनी शाळेतलं नाव घेतलं. त्यांच्या तोंडून ते असं आलं, जणू एखाद्या गिऱ्हाइकाला हाक मारताहेत. तिनं रीळ पुन्हा उचललं.

वाट सापडली ती अशीच. तुटलेली तार झटकताना ती तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून सरकली आणि पोरगी दचकली. तिथे तिला कळत होतं. ताण कळत होता, तारेवरचा बारीक ओरखडाही कळत होता, पूर्वी चिमटीत कळायचा तसा. टोकाकडे यायला निघालेली जाणीव मनगटापर्यंत पोचली होती. तिनं रिळाची जागा बदलली. तार रिळावरून आधी मनगटावर, तिथून बोटांत. बोटांनी नुसतं वळवायचं, ओळखायचं मनगटानं. पहिल्या दिवशी तार चारदा तुटली, मग कमी, मग तुटेनाशी झाली.

मिस्त्रींना ते पाहवेना. साऱ्या जन्माची शिकवण बोटांची, आणि ही मनगटावरून तार घेतेय, लोक काय म्हणतील? हे ते तिला बोलले नाहीत, बायकोला बोलले. बायकोनं भाजी निवडता निवडता त्यांना विचारलं, लोक मोटार बघतात की मनगट? मिस्त्री तिथून उठले. मग एकदा पोरगी वर जेवायला गेलेली असताना त्यांनी दुकानात कुणी नाही असं बघून स्वतः छत्तीस नंबरची तार घेतली. आधी चिमटीतून ओढली. काही कळलं नाही. गेली कित्येक वर्षं कळत नव्हतं. भट्टीनं आणि वार्निशनं त्यांची बोटं कधीच निबर झाली होती, आणि बारीक काम पोरीकडे त्यांनी विश्वासानं दिलं असं जे सगळ्यांना सांगितलं होतं, त्यात अर्धा भाग हा होता. मग त्यांनी तार मनगटावरून ओढली. एके ठिकाणी किंचित खरखर लागली. त्यांनी भिंग लावून पाहिलं. ओरखडा होता. मिस्त्री बराच वेळ ती तार हातात धरून बसले, आणि पोरीची पावलं जिन्यात वाजली तेव्हा त्यांनी ती घाईनं रिळावर गुंडाळली.

पलीकडच्या गल्लीतल्या टेलरबाईंची शिलाई मशीनची मोटार तेव्हा दुकानात पडून होती. मिस्त्री ती न भरताच परत करणार होते. पोरीनं ती त्यांच्या हातातून घेतली. भरायला तिला पूर्वीपेक्षा फार वेळ लागला. ओठ हलत राहिले, तीच संथ लय, आणि मिस्त्री पाठमोरे बसून बरोबर मोजत राहिले. शेवटचं टोक जोडून झालं. वार्निश झालं, भट्टी झाली. मोटारीला तपासणीचा दिवा जोडून पाहिलं तर एकही फेरा दुसऱ्याला टेकलेला नव्हता.

टेलरबाई मोटार न्यायला आल्या तेव्हा मशीनच बरोबर घेऊन आल्या, कारण त्यांचा कुणावर विश्वास नसे. पायरीवरच मशीन ठेवलं, मोटार बसवली, पायानं पॅडल दाबलं. मोटार अशी फिरली की आवाजावरून फिरतेय हेसुद्धा कळू नये. बाईंनी एक चिंधी घेऊन सरळ शिवण मारली, उलट मारली, आणि दोऱ्याकडे बघत म्हणाल्या, "मिस्त्री, या वयातही तुमचा हात आहे तसाच आहे हो."

असं वाक्य मिस्त्रींनी आयुष्यात कधी खाली पडू दिलं नव्हतं. हाताला वळण कुणी लावलं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर ओठांवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"माझा हात नाही बाई. माझ्या बोटांना ही तार कळतसुद्धा नाही. कशी ओळखायची ते मी आता तिच्याकडून शिकतोय." मग ते दुकानाच्या आतल्या अंधाराकडे वळले आणि त्यांनी मोठ्यानं हाक मारली. "ए छत्तीस."

आत तार गुंडाळायचं हँडल थांबलं. मिस्त्रींना वाटलं की आपण उशीर केला.

"आले, बाबा."

ती आली. काठी आतच राहिली होती. उजवं पाऊल अजून जरासं आपटत होतं, आणि मनगटावर तारेची तांबूस रेघ उठली होती. टेलरबाईंनी तिचा हात हातात घेतला, काहीबाही बोलल्या, तिनं हसून उत्तरं दिली आणि ती पुन्हा आत जायला वळली. तिच्याकडे मिस्त्रींचं काहीच काम नव्हतं. तरी त्यांनी आणखी एकदा हाक मारली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.